कापगतेभाऊंची उजवी पानं

माझ्या आयुष्यातली सगळ्यांत महागात पडलेली सही मी डाव्या हाताने केली आहे. उजवा हात तेव्हा वरणभातात होता.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. भंडारा जिल्ह्यात, पवनीहून लाखांदूरकडे जाणाऱ्या एस.टी.च्या वाटेवर एक गाव आहे. तिथल्या कॉलेजात मी मराठी शिकवत होतो. गावाचं नाव सांगत नाही. यातली बरीच माणसं अजून आहेत आणि त्यांच्या घरच्या लग्नांना मला जावं लागतं. कॉलेज नवं होतं, तलावाच्या काठी होतं, आणि सभा घ्यायचा तिथे सगळ्यांनाच कंटाळा होता. म्हणून एक सोय काढलेली होती. कार्यालयात ठराव लिहून व्हायचा आणि सुखदेव शिपाई सभेचं रजिस्टर सायकलच्या कॅरिअरला लावून घरोघर सह्या घेत फिरायचा. आम्ही याला फिरती सभा म्हणत असू. या सभेत कधी कुणी भांडलं नाही, कुणी उशिरा आलं नाही. प्रत्येक ठराव एकमताने मंजूर. इतकी एकदिलाची संस्था मी पुढे कुठे पाहिली नाही.

तर त्या दुपारी मी जेवत होतो आणि सुखदेव दारात आला.

"सर, एवढी सही मारून द्या. मले अजून एक घर हाय."

"कशाचं आहे?"

"परीक्षेचं कायतरी हाय जी."

मी परीक्षा समितीवर आहे हे मला तेव्हा आठवलं. डाव्या हातात पेन धरून मी सही केली. ती थोडी लाखांदूरकडे झुकली. माझी बायको सुमन पळी घेऊन उभी होती. ती त्याच भागातली, झाडीपट्टीतली.

"वाचलं काय?" तिने विचारलं.

"परीक्षेचं आहे."

"ते तं सुखदेवभाऊनं सांगतलं. तुमी वाचलं काय?"

मी आणखी थोडं वरण मागितलं.

आता त्या माणसाबद्दल सांगतो, जो या सहीच्या मागोमाग चालत गेला.

देवाजी कापगते. घरी धानाची शेती. आपल्या काळातले गावातले पहिले बी.ए. नोकरी का केली नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तलाव सोडून जायचं जिवावर आलं जी." ठेंगणा बांधा, धोतर, त्यावर लग्नातला काळा कोट, काखेत छत्री आणि खांद्याला धानाचं बियाणं ठेवायची कापडी पिशवी. त्या पिशवीत बियाणं सोडून सगळं असायचं, कारण कापगतेभाऊ विद्यापीठाच्या सिनेटचे सदस्य होते. सिनेट म्हणजे विद्यापीठाची मोठी सभा. तिथे प्राचार्य असतात, संस्थाचालक असतात, आणि काही जण पदवीधरांनी मतं देऊन पाठवलेले असतात. भाऊ या शेवटच्या दारातून आत गेले होते. आमच्या भागातल्या पदवीधरांची नावं त्यांनी सायकलवर फिरून नोंदवली होती. रोवणीच्या दिवसांत सभा आली तर नखांतल्या चिखलासकट जायचे. गावाने त्यांचं नाव ठेवलं होतं शिनेटभाऊ.

मी नोकरीवर रुजू झालो त्याच महिन्यात ते फॉर्म घेऊन घरी आले होते.

"पदवीधर म्हणून नाव नोंदवलं काय?"

"नोंदवून फायदा काय?" मी विचारलं. त्या वयात मला प्रत्येक गोष्टीचा फायदा विचारायची खोड होती.

"फायदा काही नाही. इचारता येते."

"काय विचारता येतं?"

"तेच तं! नाव नसलं तं काय इचाराचं हेच सुचत नाही."

मी फॉर्म भरला. त्यांनी तो माझ्याकडून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून घेतला आणि मगच सहीची जागा दाखवली. मला वाटलं, म्हाताऱ्याला चष्म्याशिवाय दिसत नसेल. नंतर कळलं, ते सगळ्यांकडूनच असं वाचून घेत. त्यांची नजर घारीसारखी होती.

पिशवीतली खरी चीज म्हणजे त्यांची वही. साधी, शाळेतली पोरं वापरतात तसली. डाव्या पानावर प्रश्न. उजव्या पानावर उत्तर. उत्तर आलं नाही तर उजवं पान कोरं, आणि ते पान दुसऱ्या कशालाही वापरायचं नाही. घरात एकदा कागद नव्हता म्हणून त्यांच्या सुनेने एका कोऱ्या पानावर धोब्याचे कपडे लिहिले, तर भाऊ दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. म्हणाले, "ते पान कोरं नाही बाई. तेथी विद्यापीठ बसून हाय."

सिनेटची सभा झाली की पुढच्या बुधवारी, बाजाराच्या दिवशी, भाऊ कोंडवाड्याच्या ठेंगण्या भिंतीवर बसत. छत्री शेजारी टेकवत आणि वही उघडत. मग काय विचारलं, काय उत्तर आलं आणि काय विचारायचं राहिलं, हे सगळं बाजाराला वाचून दाखवत. ऐकणारे कोण? शिंगाडे विकणारी सीताबाई, मडकी घेऊन बसणारा कुंभार, बांगडीवाला, आणि कोंडवाड्यात अडकवलेली एखादी गाय. यांतल्या कुणाचाही विद्यापीठाशी संबंध नव्हता. मी एकदा कुंभाराला म्हणालो, "बाबा, तुमचं कुणी कॉलेजात शिकतं का?"

"नाही जी."

"मग ऐकता कशाला?"

"शिकन ना कोणी उद्या. तवा माहीत असलेलं बरं."

ही रीत भाऊंना कुठून सुचली, हे मला तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, कळलं. आमच्याकडे तलावातून पाणी सोडायचं जे दार असतं त्याला तुडूम म्हणतात. ते उघडायचं तर गाव पाळीवर जमतं आणि जो ठरवणार त्याला सगळ्यांसमोर बोलावं लागतं: पाणी आधी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, आणि का. कारण सांगितल्याशिवाय तुडूम उघडत नाही. "एवढ्याशा तलावाले कारण द्या लागते," भाऊ म्हणाले, "आन् विद्यापीठ तं केवढा मोठा तलाव हाय!"

ते स्वतःलाही सोडत नसत. एका बुधवारी भिंतीवर न बसता उभेच राहिले. सांगितलं, की फेरतपासणीचा एक नियम पोरांना जाचक होता, पण सभेत सगळ्यांनी हात वर केले तसा त्यांनीही केला आणि नियम मंजूर झाला. "माह्या हाताले तवा अक्कल नव्हती. मी समजून घेतलं नाही. म्हणून आज उभ्यानं वाचतो." तासभर त्यांनी उभ्याने वाचलं. कुंभाराने मध्येच, "बसा आता शिनेटभाऊ, झाली शिक्षा," म्हणून पाहिलं. ते बसले नाहीत. मी मागे उभा राहून हे पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, काय विक्षिप्त माणूस आहे.

दिवाळी झाली आणि विद्यापीठाचं पत्र आलं: आमचं परीक्षा केंद्र बंद. यंदापासून आमच्या कॉलेजच्या मुलांनी भंडाऱ्याला जाऊन परीक्षा द्यायची. पेपर तीन आठवडे चालत. मुलं कशीबशी कुठे तरी पथारी टाकतील, पण मुलींचं काय? बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला पाच मुली होत्या आणि त्यांत सीताबाईची यमुना होती. तिच्या आईने शिंगाडे विकून तिला शिकवलं होतं. यमुना वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि माझ्या चुका वहीच्या कडेला लिहायची. हे मला ती वही तपासायला आली तेव्हा कळलं. पत्राचं ऐकल्यावर सीताबाईने भाऊंना सरळ सांगितलं, "परक्या गावात तीन आठवडे पोरगी कोठी ठेवू? नाही देत परीक्षा. झालं तितकं शिकणं."

"थांब," भाऊ म्हणाले. "कारण तं इचारू दे."

हिवाळ्यात सिनेट भरली. भाऊंनी विचारलं, केंद्र का बंद केलं? उत्तर आलं, प्रशासकीय कारणास्तव. त्यांनी ते उजव्या पानावर लिहून आणलं आणि बुधवारी वाचलं.

"म्हणजे काय जी?" बांगडीवाल्याने विचारलं.

कुंभाराने भाऊंच्या आधीच उत्तर दिलं. "म्हणजे कारण हाय, पन सांगाचं नाही."

भाऊंनी उजव्या पानावरची ओळ खोडली. "मंग हे पान कोरंच हाय," म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा गेले, फाइल पाहायला. सदस्याला कागद मागता येतो, पण तो दाखवलाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नव्हतं. भाऊ तीन दिवस कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून राहिले. दर तासाला दारात जाऊन म्हणायचे, "मी आहो." एका अधिकाऱ्याने गोडीत घेतलं: "कापगतेजी, इतक्या लांबून येता, जेवून घ्या आधी. प्रश्न काय, होतच राहतात." भाऊ म्हणाले, "जेवण तं घरी पन होते साहेब. उत्तर घरी होत नाही." तिसऱ्या दिवशी तिथले बाबूच थकले आणि त्यांनी फाइल समोर ठेवली.

मंगळवारी संध्याकाळी भाऊ आमच्याकडे आले. सुमन त्यांना काकाजी म्हणायची. तिने चहा ठेवला. भाऊंनी चहाकडे पाहिलं नाही. पिशवीतून कागद काढून माझ्यापुढे धरला. फाइलमधल्या ठरावाची त्यांनी हाताने नक्कल करून आणली होती.

"येथील वातावरण परीक्षेस अनुकूल नसल्याने केंद्र अन्यत्र हलवावे, असे समितीने सखोल चर्चेअंती एकमताने ठरविले." खाली पाच सह्या. भाऊंनी सह्यासुद्धा जशा होत्या तशा काढल्या होत्या. माझी लाखांदूरकडे झुकलेली होती.

म्हणजे केंद्र विद्यापीठाने नव्हे, आम्हीच घालवलं होतं. आदल्या वर्षी कॉपी पकडल्यावरून केंद्रावर दगड आले होते, एका पर्यवेक्षकाची सायकल तोडली होती. आमचे प्राचार्य वाईट माणूस नव्हते, दमलेले होते. त्यांना ही कटकट नको होती. पण तसं उघड म्हणायचं तर सभा घ्यावी लागली असती.

"सर, ही सही तुमची काय?"

"हो."

"अशी थरथरत काहून केली? कोणी धाक देल्ला काय?" त्यांच्या डोळ्यांत खरोखरची काळजी होती. मला कुणी धमकावलं असेल, या आशेने ते आले होते.

खोटं बोलायची इतकी चांगली संधी मला पुन्हा मिळाली नाही. पण सुमन दारात उभी होती.

"नाही," मी म्हणालो. "डाव्या हाताने केली. उजवा वरणभातात होता."

भाऊंनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "धाक असता तं बरं झालं असतं जी. धाकासंग भांडता येते. वरणभातासंग कसं भांडाचं?"

मी काहीतरी पुटपुटलो, माझी नोकरी अजून कायम व्हायची आहे, वगैरे.

"ते मले माहीत हाय. उद्या मी पाचही नावं वाचणार. एक गाळलं तं मी पन तुमच्याच फिरत्या सभेत बसलो. तुमी या, असं म्हणत नाही. पन आले तं..." वाक्य पुरं न करताच त्यांनी छत्री उचलली. चहा तसाच राहिला. सुमनने तो माझ्यापुढे सरकवला आणि आत गेली. त्या संध्याकाळी ती माझ्याशी एवढंच बोलली.

बुधवारी मी बाजारात गेलो तो कांदे घ्यायला. निदान पिशवी तरी मी त्याच हिशेबाने नेली होती. कांद्याच्या पोत्यांआड उभा राहिलो. भाऊंनी ठराव वाचला. एकेक नाव वाचू लागले. माझं चौथं होतं. पहिल्या तिघांच्या नावांवर बाजार नुसता हुंकारला. माझं नाव आलं आणि भाऊंनी वहीतून मान वर केली नाही. मला शोधलं नाही. ते त्यांनी केलं असतं तर मी नक्की पळालो असतो.

मी पोत्यांआडून बाहेर आलो. "सभा झालीच नव्हती," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की बांगडीवाला ओरडला, "जोरात बोला ना गुर्जी!" मग मी जोरात सांगितलं. रजिस्टर, सुखदेव, वरणभात, डावा हात, सगळं. बाजार खदखदून हसला. कोंडवाड्यातल्या गायीनेही तेवढ्यात हंबरून घेतलं. मला वाटलं, हसण्यावारी निभावलं.

हसली नाही ती सीताबाई. शिंगाड्यांवर पाणी शिंपडता शिंपडता म्हणाली, "गुर्जी, मी अंगठा मारते. तरी पहिले यमुनाकडून वाचून घेते. तुमाले तं वाचता येत होतं."

त्या दिवशी कांदे न घेताच मी घरी आलो.

घडलं ते मी लिहून सही करून भाऊंना दिलं. सही उजव्या हाताने. ते पत्र घेऊन भाऊ विद्यापीठात गेले, पण चक्र फिरायला वेळ लागतो आणि परीक्षा कुणासाठी थांबत नाही. त्या वर्षी केंद्र मिळालं नाही. मग सुमनने ठरवलं, मला न विचारता. भंडाऱ्याला माझ्या आईवडिलांचं घर होतं. पाचही मुलींना घेऊन ती तिथे तीन आठवडे जाऊन राहिली. सीताबाईने यमुनाला एस.टी.त बसवताना सुमनला सांगितलं, "तुमच्या भरवशावर देऊन राहिली बाई. गुर्जींच्या नाही." मी तीन आठवडे हाताने शिजवून खाल्लं. वरण मला तेव्हापासून करता येतं.

यमुना पास झाली. पुढच्या हिवाळ्यात पत्र आलं, केंद्र पूर्ववत. त्यात कारण लिहिलं होतं: समितीची सभा प्रत्यक्ष झाली नसल्याने ठराव ग्राह्य नाही. भाऊंनी ते बाजारात दोनदा वाचलं. उत्तरापेक्षा त्यांना कारणाचा आनंद जास्त झाला होता. मुलांना मात्र त्यांनी त्याच भिंतीवरून बजावलं, "केंद्र भांडून आणलं हाय. आता कोणी चिठ्ठी नेली तं त्याचं नाव पन मी येथीच वाचीन." पोरांना विद्यापीठाच्या पथकापेक्षा या धमकीची धास्ती अधिक होती. फिरती सभा बंद पडली. आता सभा खरोखर भरू लागल्या, लांबू लागल्या, आणि त्याचा दोष सगळे मला देत. माझी नोकरी कायम व्हायला वर्षभर जास्त लागलं. प्राचार्य मला चहाला बोलवेनासे झाले. त्यांचा चहा तसाही पाणचट असे.

पुढची निवडणूक भाऊ हरले. ज्यांना प्रश्न नको होते त्यांनी या खेपेला आपले पदवीधर नोंदवून घेतले, गाड्या करून आणले. कायद्यात बसणारंच होतं सगळं. निकालानंतरच्या बुधवारी भाऊ नेहमीसारखे भिंतीवर येऊन बसले.

"आता तं तुमी मेंबर नाही शिनेटभाऊ," कुंभार म्हणाला.

"इचाराले मेंबर व्हा लागते काय?"

आणि ते जात राहिले. नव्या सदस्यांच्या घरी जायचे, वही उघडून एकेक जुना प्रश्न पुढे ठेवायचे. कुणी चहा देई, कुणी दारातूनच वाटेला लावी. बुधवारी येऊन तेही वाचत: कोण भेटलं, कोण भेटलं नाही. ऐंशीचं दशक अर्धं सरलं तोवर त्यांचा आवाज बसला होता. बांगडीवाला शेजारी बसून त्यांचं वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणायचा. यमुना तोवर जवळच्याच गावात शाळेत शिकवत होती. रजा असली की भिंतीपाशी येऊन उभी राही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एस.टी.च्या थांब्यावर. डोळ्यांना पडदा आला होता आणि मुलगा त्यांना इलाजासाठी घेऊन चालला होता. कोट तोच, छत्री तीच. गाडी आली, ते चढले, खिडकीशी बसले. मग मला हाक मारून त्यांनी पिशवीतून वही काढली आणि खिडकीतून माझ्या हातात दिली.

"आता माह्यानं वाचणं होत नाही सर. तुमी ठेवा."

"भाऊ, मी काय करू हिचं?"

"पहिले वाचा," ते म्हणाले. गाडी सुटली. खिडकीतून छत्रीची मूठ तेवढी बराच वेळ दिसत राहिली. महिन्याभराने मुलगा एकटाच परत आला.

त्या दिवशी थांब्यावरून वही घेऊन मी घरी आलो ती सरळ कपाटात ठेवणार होतो, जपून. आपल्याकडे न वाचण्याची ही सगळ्यांत आदराची पद्धत आहे. पण सुमनने ती माझ्या हातातून घेतली आणि ओसरीत बसून पानं उलटू लागली. एका पानाशी थांबली. डावीकडे भाऊंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, "सभा झाली नसताना सरांनी सही का केली?" उजवीकडे होतं, "उत्तर मिळाले. बाजारात, उभे राहून दिले. कारण पटले नाही. माणूस पटला."

मी उठून पाणी प्यायलो.

परत आलो तेव्हा सुमन शेवटची पानं पाहत होती. डावीकडे प्रश्न होते, उजवीकडे काही नव्हतं. वसतिगृह, निकालाला लागणारा उशीर, बंद पडलेलं वाचनालय. तिने वही मिटली आणि माझ्यापुढे ठेवली.

"उजवीकडची सात पानं कोरी हायेत," ती म्हणाली. "परवा बुधवार हाय. सदरा धुऊन ठेवते. आन् या खेपेले वाचून जा."